कायम देणगीदार प्रकल्प : कोल्हापूरच्या पेठेतील एका फुटबॉल मंडळाच्या कामकाजाच्या नोंदी (जून २०२४ ते मे २०२५)

२६ जून २०२४

शाहू जयंतीची मिरवणूक आटोपल्यावर मंडळाच्या खोलीत कार्यकारिणीची सभा झाली आणि ‘कायम देणगीदार’ या प्रकल्पाची जबाबदारी चिटणीस या नात्याने माझ्याकडे देण्यात आली. खजिनदारांनी मागील तीन वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या सभेपुढे ठेवल्या. बहुतेक आवक शाहू स्टेडियमवरील हंगाम सुरू होण्याच्या आगेमागे येते आणि जर्सी, बूट, बाहेरगावच्या खेळाडूंची राहण्याची सोय व चौकातले डिजिटल बोर्ड यांत ती संपते. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे चौदा वर्षांखालील मुलांचा खरा सराव व्हायला हवा त्या काळात, प्रशिक्षकांचे मानधन थकते. खर्च बारमाही आणि आवक हंगामी, हा आमचा मूळ आजार आहे.

कोल्हापूरकर खेळासाठी हात आखडता घेतात असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले आणि खेळाला पैसा पुरवणे हे प्रतिष्ठेचे काम आहे ही भावना या शहरात रुजवली. त्याची दुसरी बाजू अशी की, राजाश्रय संपून पाऊणशे वर्षे लोटली तरी पेठेतील प्रत्येक मंडळ अजून एका मोठ्या आश्रयदात्याच्या शोधात असते. तो मिळाला की दोन हंगाम थाटात जातात, आणि त्याचे लक्ष दुसरीकडे वळले की मंडळ पुन्हा पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरते. यंदा असा एक माणूस शोधायचा नाही, तर दरमहा थोडे देणारी पुष्कळ माणसे जोडायची, असे सभेत ठरले. दोन ज्येष्ठ सभासदांना हा मार्ग कमीपणाचा वाटला आणि त्यांचे मत इतिवृत्तात नोंदवले आहे.

२९ जून २०२४

आयकर खात्याकडील नोंदणीच्या अर्जाचे काम आज पूर्ण झाले. मंडळाकडे बारा-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला करात वजावट) या कलमांखालील तीन वर्षांची तात्पुरती मान्यता होती. नियमित मान्यतेसाठी दहा-एबी हा अर्ज भरण्याची वाढीव मुदत उद्या, ३० जून रोजी संपत आहे. लेखापरीक्षकांनी घटनेची प्रत, धर्मादाय कार्यालयाचे प्रमाणपत्र आणि तीन वर्षांचे ताळेबंद जोडून अर्ज आज दाखल केला. आदेश हाती येईपर्यंत कोणालाही करसवलतीचे आश्वासन द्यायचे नाही, असे सर्व कार्यकर्त्यांना कळवले आहे.

९ जुलै २०२४

जुन्या पावत्यांवरून देणगीदारांची एकत्रित यादी केली. एकदा दिले आणि पुन्हा दिले नाही, अशांची संख्या सर्वांत मोठी निघाली. त्यांतील काहींना खजिनदारांनी फोन केले, तेव्हा नाराजी जवळपास कोणाचीच आढळली नाही. पुन्हा कोणी मागायला आले नाही, इतकेच साधे कारण बहुतेकांनी सांगितले. यादीत आजी-माजी खेळाडूंचे पालक फार थोडे आहेत, ही बाब मला अधिक खटकते. मुलगा मैदानावर येतो तोवर घरचे मंडळाला आपले मानतात आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला गेला की संबंध सुटतो. माजी खेळाडूंची स्वतंत्र यादी करण्याचे काम दोन तरुण सभासदांकडे दिले आहे.

२६ जुलै २०२४

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आहे. सराव बंद आहे आणि मुले स्थलांतरितांच्या मदतीला गेली आहेत. प्रकल्पाची सर्व कामे थांबवली आहेत. या दिवसांत मैदानासाठी पैसे मागणे अशोभनीय ठरेल.

३ ऑगस्ट २०२४

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी परवा पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून मंडळाच्या फोनवर शुभेच्छांबरोबर देणगीची बोलणीही येऊ लागली आहेत. “आपल्यातनं पण एक स्वप्निल घडवा, काय लागंल ते देतो,” असे एका दुकानदारांनी कळवले. हा उत्साह स्वागतार्ह आहे, परंतु त्यावर प्रकल्प उभारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कुसाळे २००९ साली राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले आणि पदक आले २०२४ मध्ये. मधल्या वर्षांत त्यांच्यामागे जी व्यवस्था व जे घर उभे होते, त्यांचे फोटो कोणी चौकात लावले नव्हते. आम्ही नेमबाजी शिकवत नाही आणि आमच्या मुलांपैकी बहुतेक जण आयुष्यात कोणतेही पदक मिळवणार नाहीत. त्यामुळे आवाहनाच्या मसुद्यातून ‘उद्याचे ऑलिंपियन’ हे शब्द काढून टाकले. किती मुले नियमित येतात, त्यांना कोण शिकवते आणि त्यासाठी दरमहा काय लागते, एवढेच मसुद्यात राहू दिले.

१२ ऑगस्ट २०२४

गुरुवारी रात्री, ८ ऑगस्टला, केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले आणि शेजारच्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठालाही झळ बसली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शहर सुन्न आहे आणि सर्वत्र मदतीची भाषा नाट्यगृहासाठीच आहे. देणगीदारांची ठरलेली बैठक पुढे ढकलली.

२५ ऑगस्ट २०२४

आज दोन भेटी झाल्या आणि दोन्हींमधून प्रकल्पाला आकार आला, म्हणून सविस्तर नोंद करीत आहे.

पहिली भेट शिवाजी उद्यमनगरातील एका फौंड्रीमालकांची. पूर्वी ते स्वतः मंडळाकडून बचाव फळीत खेळले आहेत आणि सर्वजण त्यांना आण्णा म्हणतात. खजिनदारांनी विषय काढताच ते म्हणाले, “गेल्या साली दिलेल्या पैशाचं काय झालं ते कोण सांगितलंच नाही. कप आणला असता तर कळलं असतं. हरलासा म्हणून लपून बसलासा काय?” त्यांच्या कारखान्यात एखाद्या बिडाच्या कास्टिंगमध्ये दोष निघाला, तर गिऱ्हाईकाला तो कळवावा लागतो, कारण न कळवल्यास पुढची ऑर्डर जाते. तोच व्यवहार ते मंडळाकडून अपेक्षितात. त्यांना फलकावर नाव नको आहे. दर तीन महिन्यांनी अर्ध्या पानाचा हिशेब मात्र त्यांना हवा आहे, आणि त्यात हरलेले सामनेही यायला हवेत.

दुसरी भेट मार्केट यार्डातील एका गूळ अडत्यांची. त्यांनी खाशाबा जाधवांचा विषय काढला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही हकिगत इथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अडत्यांचा रोख त्यापुढील भागावर होता. कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून प्राचार्यांचे पैसे फेडले. “देणाऱ्याचं नाव सगळे घेतात, पण फेडणाऱ्याचं पण घ्या की,” असे ते म्हणाले. देणगी परत करायची नसते हे त्यांना माहीत आहेच. पैसे घेणाऱ्यालाही काही कर्तव्य असते, एवढेच त्यांना सुचवायचे होते, आणि ते मला पटले. मात्र या हकिगतीतून मला आणखी एक गोष्ट दिसते, जी मी तिथे बोललो नाही : देशाला स्वातंत्र्योत्तर काळातील पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या मल्लाचा प्रवास एका प्राचार्यांच्या घराच्या कागदपत्रांवर अवलंबून असावा, ही अभिमानाइतकीच काळजीचीही गोष्ट आहे. दरवेळी कोणी तरी घर गहाण टाकेल, या भरवशावर क्रीडा मंडळ चालवता येत नाही.

या दोन भेटींनंतर खजिनदारांसह बसून मागणीचे स्वरूप निश्चित केले. ‘मंडळाला मदत करा’ असे न म्हणता खर्चाची नावे घेऊन मागायचे : प्रशिक्षकांचे मानधन, मुलांचा खुराक, म्हणजे सरावानंतरचे दूध व अंडी, आणि मैदानाची निगा. दरमहा १०० रुपयांपासून पुढे कितीही चालेल. दर तिमाहीस हिशेबाचे अर्धे पान निघेल, ते व्हॉट्सअॅपवर जाईल आणि ज्येष्ठांना छापील प्रत हातात नेऊन दिली जाईल. त्यात जमा, खर्च, मुलांची हजेरी आणि जमले नाही असे किमान एक काम लिहिणे बंधनकारक असेल. शेवटच्या अटीवर कार्यकारिणीत बराच वाद झाला. “आपणच आपली लाज काढायची?” हा आक्षेप समजण्याजोगा आहे, परंतु बहुमताने अट मान्य झाली.

१९ सप्टेंबर २०२४

परवा विसर्जन झाले. पेठेत गणेशोत्सवाचे मंडळ आणि फुटबॉलचे मंडळ यांत माणसे तीच असतात, त्यामुळे वर्गणी आणि देणगी यांची सरमिसळ होते. दुकानदाराने ‘दिली की परवाच’ म्हटले, तर ते कशासाठी हे दोघांनाही सांगता येत नाही. यापुढे उत्सवाच्या पावती पुस्तकावर क्रीडा कार्यासाठी एक रुपयाही घ्यायचा नाही, क्रीडा कार्याचे बँक खाते व पुस्तक वेगळे ठेवायचे आणि गणेशोत्सवाच्या महिन्यात देणगीची मागणीच करायची नाही, असे ठरवले.

२ ऑक्टोबर २०२४

रोख रकमांबाबत लेखापरीक्षकांनी कार्यकर्त्यांची बैठक घेतली. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ऐंशी-जीची वजावट मिळत नाही, त्यामुळे मोठी रोख रक्कम लहान लहान पावत्यांत तोडून देण्याची विनंती बाजारपेठेत हमखास होते. ती नम्रपणे नाकारायची आहे. कोणी चेंडू, बूट वा अंड्यांचे ट्रे दिले तर नोंद व आभारपत्र द्यावे, मात्र वस्तुरूप देणगीवर वजावट नसते हेही सांगावे. नव्या करप्रणालीत असलेल्यांना तर ही वजावट मुळीच मिळत नाही. आता तीच प्रणाली आपोआप लागू होते, त्यामुळे करसवलत हे आमच्या आवाहनाचे मुख्य कारण असूच शकत नाही. बैठकीतून माझ्यापुरता हाच निष्कर्ष महत्त्वाचा होता.

गुप्तदानाचा प्रश्न नाजूक निघाला. पेठेतील एका आजींना आपले नाव कुठेही यायला नको आहे. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास त्यांवर ३० टक्के कर बसतो, म्हणून पेटीत टाकलेल्या रकमेपेक्षा नाव नोंदवून घेतलेली रक्कम बरी. देणगीदार वहीत नाव-पत्ता लिहायचा, पण अहवालात व फलकावर ‘एक हितचिंतक’ असे छापायचे, हा तोडगा आजींना समजावून सांगितला. त्यांनी वहीत सही केली आणि वही कोणाला दाखवणार नाही, असे माझ्याकडून वदवून घेतले.

१७ ऑक्टोबर २०२४

विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता परवापासून लागू झाली आहे. अपेक्षेप्रमाणे इच्छुकांच्या निकटवर्तीयांकडून मंडळाला जर्सीचे संच आणि मोठी रक्कम देऊ करण्यात आली. आम्ही दोन्ही नाकारले. आचारसंहितेच्या काळात असे काही स्वीकारणे गैर आहेच. त्याखेरीज प्रकल्पाच्या दृष्टीने आणखी एक कारण आहे. मंडळावर एका पक्षाचा शिक्का बसला की दुसऱ्या बाजूची घरे दर महिन्याचे शंभर रुपये शांतपणे बंद करतात. नकारामुळे काही तरुण कार्यकर्ते रुसले आहेत. नव्या जर्सी त्यांना दिसत होत्या, आणि त्यांचे वय पाहता मला त्यांचा राग येत नाही.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर यूपीआय ऑटोपे, म्हणजे ठरलेली रक्कम दरमहा खात्यातून आपोआप वळती होण्याची सोय, सुरू केले. पहिल्याच आठवड्यात एक अडचण लक्षात आली. रक्कम खात्यातून वळती होण्यापूर्वी किमान २४ तास आधी देणगीदाराला सूचना जाते, आणि अनोळखी मजकुराचा तो संदेश पाहून काही ज्येष्ठांनी घाबरून मंजुरीच रद्द केली. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्यांनी तसे करणे शहाणपणाचेच आहे. आता दर महिन्याच्या १ तारखेला आमच्याकडून मराठीत संदेश जातो : ५ तारखेला आपल्या खात्यातून इतकी रक्कम मंडळाकडे येईल, मागील महिन्यात ती अमुक कामी लागली. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्या घरी महिन्याच्या पहिल्या रविवारी खेळणारा मुलगा पावती पुस्तक घेऊन जातो. ही पद्धत वेळखाऊ असली, तरी ज्या घरी मुलगा जातो तिथे चहा होतो, चौकशी होते, मागचा सामना निघतो, आणि त्या घरांतून रक्कम चुकल्याचे आजवर क्वचितच घडले आहे.

२२ डिसेंबर २०२४

नियमित मान्यतेचा आदेश आला, दोन्ही कलमांखाली, पाच वर्षांसाठी.

हंगाम तोंडावर असल्याने जर्सीवरील नावाचा विषय आज निकाली काढला. जर्सीवर दुकानाचे नाव छापून मिळणारी रक्कम ही जाहिरात आहे, तिची ऐंशी-जीची पावती देता येणार नाही. आमच्यासारख्या लोकोपयोगी उद्दिष्टाच्या संस्थेची अशी व्यापारी स्वरूपाची आवक एकूण आवकेच्या २० टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, अन्यथा करमाफीच धोक्यात येते. म्हणून प्रायोजक एकच आणि त्याची रक्कम मर्यादित, असा ठराव झाला. संघाच्या पाठिराख्यांना तो फारसा रुचलेला नाही.

१८ जानेवारी २०२५

माजी खेळाडूंची यादी तयार झाली. पुणे, बंगळूर आणि आखातात गेलेल्यांचा प्रतिसाद गावातल्यांपेक्षा मोकळा आहे. शाहू स्टेडियमवरचा गलका ज्याला आता ऐकायला मिळत नाही, त्याला त्याची किंमत जास्त कळते, असे दिसते. परदेशातील रकमांबाबत मात्र काटेकोर राहावे लागते. दुबईत नोकरी करणारा, पण भारतीय पारपत्र असलेला माजी गोलरक्षक बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या दुसऱ्या मित्राची देणगी विदेशी ठरते, आणि २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी नसल्याने ती आम्हाला घेता येत नाही. त्याला नकार कळवताना वाईट वाटले. त्याने कोल्हापुरात राहणाऱ्या आपल्या भावाला मासिक देणगीदार होण्याचा आग्रह केला आणि भाऊ, स्वतःच्या कमाईतून, झालेही.

माजी खेळाडूंकडे पैशांखेरीज वेळही मागितला आहे. सुट्टीवर आल्यावर एक सकाळ मुलांबरोबर मैदानावर घालवावी, एवढेच. जे आले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी परत जाताना आपली मासिक रक्कम स्वतःहून वाढवली.

१५ फेब्रुवारी २०२५

शहराजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतील कंपनीकडे सामाजिक उत्तरदायित्व निधीसाठी प्रस्ताव द्यायचा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. ‘प्रशिक्षण’ या शब्दावर आमचा प्रस्ताव उभा आहे, कारण एकदाच होणाऱ्या स्पर्धा वा बक्षीस समारंभ यांसाठी हा निधी वापरता येत नाही. असा निधी घेणाऱ्या संस्थेला लागणारी सीएसआर-१ ही नोंदणी करून घेतली. मुलांची हजेरीपत्रके आणि तिमाही अहवाल आमच्याकडे तयारच होते, त्यामुळे प्रस्तावाचे बहुतेक पुरावे नव्याने गोळा करावे लागले नाहीत. निधी आला तरी तो मुलींच्या नव्या तुकडीच्या साहित्यासाठीच वापरायचा, मानधन त्यावर टांगायचे नाही, असे आधीच लिहून ठेवले आहे. कंपनीचे धोरण बदलले की असा निधी थांबतो, आणि मग प्रशिक्षकांना काय सांगणार?

३१ मार्च २०२५

काल पाडवा झाला आणि आज आर्थिक वर्ष संपले. मानधन बाराही महिने देता आले, त्यातील उन्हाळ्यातील पहिले काही महिने जुन्या शिलकीतून.

२७ एप्रिल २०२५

वरिष्ठ संघ स्पर्धेतून लवकर बाहेर पडला. सामन्यानंतर पेठेत जो राग उसळतो तो उसळला, आणि पुढील दोन दिवसांत काहींनी ऑटोपे बंद केले. त्या प्रत्येकाशी खजिनदार स्वतः बोलले. बंद करणारे बहुतेक जण हंगामाच्या तोंडावर जोडलेले होते आणि त्यांनी तिमाही अहवाल फक्त एकदाच पाहिला होता. दिवाळीपूर्वीपासूनचे देणगीदार जवळजवळ सर्व टिकले आहेत. यावरून हंगामाच्या उत्साहात देणगीदार जोडण्याची मोहीम घ्यावी की नाही, याचाच पुनर्विचार करावा लागेल. माझा कल ती पावसाळ्यात घेण्याकडे आहे, सामने नसताना आणि मैदानावर फक्त चिखलात पळणारी मुले दिसत असताना.

आण्णांना अहवालाची प्रत नेऊन दिली. त्यात पराभवाची कारणे प्रशिक्षकांच्या शब्दांत छापली आहेत. त्यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली, बचाव फळीबद्दलच्या एका वाक्यावर बोट ठेवून “हे खरं आहे,” म्हणाले, आणि मग अर्धा तास बचाव कसा करावा हेच सांगत राहिले. महिन्यातून एक सकाळ त्यांनी मुलांना तेच शिकवावे, असे सुचवून आलो आहे.

३० मे २०२५

२०२४-२५ मधील देणग्यांचे दहा-बीडी विवरण मुदतीच्या एक दिवस आधी दाखल झाले. उशीर झाल्यास दररोज २०० रुपये शुल्क लागते, म्हणून ज्यांचे पॅन अथवा आधार क्रमांक राहिले होते त्यांच्या घरी गेला पंधरवडा मुलांना पाठवले होते. देणगीदारांना वजावटीसाठी लागणारी दहा-बीई प्रमाणपत्रे उतरवून घेतली असून उद्या संध्याकाळपर्यंत सर्वांना पोहोचतील. ज्यांना वजावट नको आहे त्यांनाही ती द्यायची आहेत.

पुढील कामे अशी आहेत : मुलींच्या तुकडीसाठी महिला प्रशिक्षक नेमणे, पदाधिकाऱ्यांच्या निवडीनंतरचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात देणे, आणि बंद झालेल्या देणगीदारांना जुलैमध्ये, कोणतीही मागणी न करता, फक्त तिमाही अहवाल पाठवणे. प्रशिक्षकांच्या मानधनात वाढ करण्याचा प्रस्ताव खजिनदारांनी मांडला आहे. तो मासिक देणग्यांच्या आजच्या आवकेत बसतो की नाही, हे ऑगस्टच्या सभेपूर्वी तपासायचे आहे.